मागच्या पडवीतली बाई

आपलं तोंड आपण रोज आरशात पाहतो, पण तोंडाच्या आत कुणी पाहतं का? मी तरी वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत कधी पाहिलं नव्हतं. कुंकू सरळ लागलंय की नाही, केस नीट बसलेत की नाही, एवढ्यापुरता माझा नि आरशाचा संबंध. त्यामुळे डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून एक पांढरा डाग पडला होता, तो मला डोळ्यांनी दिसायच्या आधी जिभेला कळला. जीभ तिकडे गेली की खरखरीत लागायचं. दूध तापवल्यावर भांड्याच्या कडेला साय वाळून बसते ना, तसं. बोटाने घासून पाहिलं, निघालं नाही. दुखत तर मुळीच नव्हतं. फक्त आमटी तिखट झाली किंवा कोकमाचं सार घेतलं की तेवढ्या जागी झोंबायचं.

हे चैत्रातलं. आमची रत्नागिरीपासून तासाभरावर थोडी काजूची बाग आहे. चैत्रात आमच्याकडे घराघरात ओले काजूगर सोलायचं काम चालतं. ज्यांनी ते केलंय त्यांना सांगायला नको, काजूच्या सालीत जो चीक असतो तो लागला की कातडी भाजून निघते. हात राखेत बुडवून आम्ही सोलतो, तरी बोटं काळी पडतात. आणि सोलता सोलता एखादा गर दातांनी फोडायची खोड आम्हा बायकांना असतेच. तेव्हा तोंडात काही झालं की आमच्याकडे एकच निदान, चीक लागला. आमच्या जाऊबाईंनी तेच सांगितलं, यांनी तेच सांगितलं, आणि मी तर सगळ्यांच्या आधी स्वतःला तेच सांगून मोकळी झाले होते. जाईचा पाला चावला, तूप लावलं, ज्येष्ठमध धरला. डाग आपला होता तिथे होता.

आता जे सांगायचं ते सांगताना मला अजून लाज वाटते. मी मशेरी लावायची. थोरल्याच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा दाढ ठणकायला लागली, शेजारणीने चिमूटभर लावायला दिली, दाढ थांबली आणि मशेरी चिकटली ती कायमची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, जेवणं झाल्यावर, दुपारी बागेतून आल्यावर, आणि खरं सांगायचं तर मधेमधे उगाचच. डाव्या बाजूला हिरडीला लावायची आणि तशीच धरून बसायची. जिथे धरायची तिथेच डाग पडला होता. हे इतकं सरळ होतं की शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला सहा महिने कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचंच नव्हतं.

आणि मी काही देवाधर्माला सोडून असलेली बाई नव्हते. उलट गावात माझा उपास म्हणजे दाखला होता. नवरात्राचे नऊ दिवस मी फक्त दूध आणि एखादं केळं यावर काढायची. साबुदाणासुद्धा नाही. कुणी बटाट्याचा कीस पुढे केला तर मी अशी बघायची की समोरच्या बाईने ताट मागे घ्यावं. पण मशेरी मात्र चालायची. आमच्याकडे सगळ्याच बायकांची चालते. ती पोटात जात नाही, थुंकून टाकतो, मग उपास कशाने मोडतो? असा आमचा हिशोब. नऊ दिवस आईसाठी अन्न सोडणारी मी, त्याच तोंडात नऊ दिवस तंबाखू धरून तिच्या देवळात बसायची आणि वर लोकांना पावित्र्य शिकवायची.

गेल्या नवरात्रात पाचव्या माळेला दुपारी मी देवळात गेले. गर्दी सकाळीच होऊन गेली होती. ओटी भरली, नमस्कार केला आणि मागच्या बाजूला पडवीत येऊन बसले. आमच्या ग्रामदेवीच्या देवळाला मागे एक उघडी पडवी आहे, तिथून विहिरीकडे जायची वाट आहे आणि दुपारनंतर तिथे सरळ ऊन येतं. उपासाने डोकं जरा हलकं झालं होतं. मी कमरेची डबी काढली, बोटावर मशेरी घेतली आणि तोंड उघडून गालात बोट घातलं. तेवढ्यात विहिरीवर हातपाय धुऊन एक बाई वर आली. माझ्याच वयाची असेल. हिरवं लुगडं, हातात पितळी तांब्या आणि तोंडाला पदर. ओळखीची नव्हती. ती दोन पावलं पुढे गेली आणि परत वळून माझ्यासमोर उभी राहिली.

"बाय, ता पांढरा काय गो तुज्या तोंडात?"

तिचं बोलणं अडकत होतं, जणू तोंडात घास आहे. मला राग आला. देवळात येऊन दुसऱ्याच्या तोंडात बघायचं म्हणजे काय? मी बोट काढून पदराला पुसलं आणि तुटकपणे म्हटलं, "काजूचा चीक लागलाय."

 ती हळू आवाजात म्हणाली, "नवरात्रात ओला काजू कुठं मिळाला गो तुला?"

मी मनात महिने मोजले. चैत्र गेला, वैशाख गेला, अख्खा पावसाळा गेला, गणपती येऊन गेले, भात कापणीला आलं. काजू संपून किती दिवस झाले होते! आणि मी अजून चिकाचं नाव घेत होते. कुणी पाठीत धपाटा घालावा तशी मी हबकले. घरातल्या एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. मलाही पडला नव्हता. बागायतदाराची बायको मी, हंगाम मला बोटांवर पाठ, आणि स्वतःच्या तोंडापुरता मी तो विसरले होते.

मग तिने पदर बाजूला केला. मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिच्या उजव्या बाजूला जबडाच नव्हता. गाल आत गेला होता, त्यावर दुसरीकडची कातडी आणून शिवलेली होती, तिचा रंगही वेगळा होता. ओठ एका बाजूला ओढला गेला होता.  मी मागे सरकले, माझी डबी लवंडली आणि मशेरी फरशीवर सांडली. घाबरून मी नजर फिरवली, याचीही मला आता लाज वाटते.

तिने त्याचं काही मनाला लावून घेतलं नाही. पदर परत घेतला आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलली. "मी पण हीच लावायची. माजा पण आदी पांढराच होता. दुकत नव्हता. पाऊस संपला की जाऊ, गणपती झाले की जाऊ, असा करत रायले. तू उद्या जा."

"उद्या कशी? नवरात्र हाय. माझे उपास चाललेत. नऊ दिवस झाले की जाते," मी म्हटलं.

"उपासात मशेरी चालते," ती म्हणाली, "नि डॉक्टर चालत नाय?"

एवढंच बोलून ती देवळाच्या पुढच्या बाजूला निघून गेली. मी तिथेच बसून राहिले.  थोड्या वेळाने आतून गुरवकाकांचा गाऱ्हाणं सांगण्याचा चढा सूर ऐकू आला. आमच्याकडे आपलं दुखणं आपण देवीला थेट सांगत नाही, नारळ ठेवायचा आणि गुरवाला सांगायचं, तो मोठ्या आवाजात देवीपुढे मांडतो. कुणाचं तरी गाऱ्हाणं चाललं होतं. शब्द मला कळले नाहीत, मी ऐकतही नव्हते. मी सांडलेली मशेरी बघत होते. भानावर येऊन मी पुढे गेले, तोवर ती बाई निघून गेली होती. खालच्या रस्त्याने एसटी गेल्याचा आवाज आला होता, त्यातच ती असावी.

दुसऱ्या दिवशी, सहाव्या माळेला, मी यांना घेऊन रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात गेले. दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी दिव्याखाली तोंड उघडायला लावलं, कापसाच्या कापडाने डाग पुसून पाहिला. पुसून जाणारा पांढरा थर वेगळा असतो, त्यावर औषध असतं, असं म्हणाल्या. हा पुसला गेला नाही. मी म्हटलं, "दुखत नाही हो, म्हणून आले नाही." त्या म्हणाल्या, "काकी, दुखलं असतं तर तुम्ही दोन आठवड्यांत आला असतात. न दुखणाऱ्या डागाचीच मला भीती वाटते." मग त्यांनी शांतपणे समजावलं. तंबाखू जिथे धरतो तिथली त्वचा जाड होऊन पांढरी पडते. असे सगळेच डाग वाईट नसतात, पण काहींचा पुढे कॅन्सर होतो, आणि नुसतं बघून कोणता कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून तुकडा काढून तपासायला पाठवायचा. शेजारी उभ्या असलेल्या यांच्या हातातली पिशवी खाली पडली. आयुष्यभर माझ्यावर ओरडणारा माणूस, पिशवी उचलायलाही वाकला नाही.

तुकडा काढला, टाका घातला, आणि उत्तर यायला काही दिवस लागतील असं सांगून घरी पाठवलं. ते दिवस मी कसे काढले ते लिहिणं कठीण आहे. मी आईला काय काय बोलले! साडी बोलले, चांदीचे डोळे बोलले, पुढची पाच नवरात्रं निर्जळी करीन म्हटलं. बोलायला काय जातं? आणि तिसऱ्या दिवशी, तोंडात टाका असताना, घरात कुणी नाही असं बघून मी मागीलदारी गेले, डबी काढली आणि मशेरी लावली. डाव्या बाजूला टाका होता म्हणून उजव्या बाजूला लावली.

बोट तोंडात असतानाच मला त्या बाईचा चेहरा आठवला. तिचा जबडा उजव्याच बाजूचा गेला होता.  दवाखान्यात जेवढी घाबरले नव्हते तेवढी मी तिथे, केळीखाली उभी राहून, स्वतःला घाबरले. मी जिवासाठी देवीपुढे पदर पसरत होते आणि त्याच हाताने तोंडात विष भरत होते. मी तिला सगळं द्यायला तयार होते, एक ती डबी सोडून. मी चूळ भरली, पुन्हा भरली, किती भरल्या ते आठवत नाही. मग डबी आणि मशेरी भाजायचा तो काळा तवा, दोन्ही नारळाच्या आळ्यात खड्डा करून पुरलं. हात जोडले तेव्हा कुठलाही नवस तोंडात आला नाही. मी एवढंच म्हटलं, आई, माझ्याच्याने होत नाही. आता तुला करायचं ते कर. मोठ्याने रडले मी त्या दिवशी. हे बागेतून आले आणि नुसते जवळ येऊन बसले.

पुढचे पंधरा दिवस डोकं फुटेल असं दुखायचं, झोप लागायची नाही, सगळ्यांवर खेकसायची. कुणी म्हणेल देवीने हात ठेवला आणि व्यसन सुटलं, तर तसं काही झालं नाही. रोज सुटलं आणि रोज परत सोडावं लागलं.

तपासणीचं उत्तर आलं. कॅन्सर नव्हता, पण डागातल्या पेशी बदलायला लागल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी वर्षभर थांबला असतात तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही." डाग काढून टाकला. तो पुन्हा येऊ शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला जायचं, ते आजही जाते.

गावात मग बोलणं सुरू झालं. जाऊबाईंनी तर ठरवूनच टाकलं, ती बाई म्हणजे आपली आईच, हिरवं लुगडं नेसून आली आणि सांगून गेली. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण मनातून मला ते आवडत होतं. देवी आपल्यासाठी पडवीत आली, हे कुणाला आवडणार नाही? म्हणून वर्षभर मी गुरवकाकांना त्या बाईबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर ती कुठल्या तरी गावची, कुणाची तरी बायको निघाली असती.

यंदाच्या नवरात्रात मी पुन्हा पाचव्या माळेलाच गेले. यावेळी गाऱ्हाण्यासाठी नारळ घेऊन. आठ दिवसांवर तपासणी होती आणि जीभ पुन्हा त्या जागी जाऊन काहीतरी चाचपत होती. खरखरीत लागत होतं की माझ्या मनाचा खेळ होता, देव जाणे. मी मागच्या पडवीत जाऊन आले. रिकामी होती. मग राहवलं नाही आणि गुरवकाकांना विचारलं, गेल्या वर्षी तोंडाला पदर लावलेली एक बाई आली होती, आठवते का?

"न आठवाय काय झाला?" गुरवकाका म्हणाले. "देवरूखकडची. तिचा दुकना परत आला होता, दुसऱ्या अंगाला. डॉक्टरांनी हात टेकले म्हणून आईला गाऱ्हाणा घालाय आली होती. नारळ ठेवलान, म्हणाली हातपाय धुऊन येतंय. आली ती वेगळाच सांगाय लागली. म्हणाली, मागच्या पडवीत एक बाय बसलीय, तिला उद्या डॉक्टरकडं जायची बुद्धी दे, एवढाच सांगा. मी म्हटलं, बाय, नारळ एक, गाऱ्हाणा एक, मग तुजा काय? तर म्हणाली, माजा पुढल्या वेळेला."

मी खांबाला धरून उभी राहिले.  म्हणजे तेव्हा आतून जो चढा सूर ऐकू येत होता, तो माझ्यासाठी होता. मी पडवीत बसून सांडलेल्या मशेरीकडे बघत होते आणि आत ती बाई आपल्याजवळचा एकच नारळ माझ्यासाठी, नावही माहीत नसताना, फोडून घेत होती.

"यंदा आली होती का?" मी विचारलं.

"ती नाय. श्रावणात तिची भैन आली, ओटी भराय. आषाढात गेली म्हणे ती."

त्या क्षणी मला जो धक्का बसला तो दवाखान्यातल्या कुठल्याही धक्क्यापेक्षा मोठा होता. ती देवी असती तर किती सोपं झालं असतं. देवीकडे काय कमी आहे? तिने दिलं तर तिचं काही जात नाही. पण ही एक मरायला टेकलेली बाई होती, तिच्याजवळ एक नारळ होता आणि एकच मागणं होतं. ते तिने माझ्यासारख्या, तिच्याकडे बघून तोंड फिरवणाऱ्या बाईला देऊन टाकलं आणि एसटी पकडून घरी गेली. वर्षभर मी उगाच फुशारत होते की देवी आली. देवी खरंच आली असेल तर ती अशीच आली असेल, असं आता मला वाटतं. याहून जास्त मला कळत नाही आणि कळायला हवं असंही वाटत नाही.

गुरवकाकांनी माझ्या हातातल्या नारळाकडे पाहिलं. "बोल, काय सांगू?"

मी म्हटलं, "त्या बाईचं राहिलेलं गाऱ्हाणं सांगा."

"अगो, ती गेली ना."

"गेली तरी सांगा. तोंडाला पदर लावलेली बाई म्हणा, आई ओळखील. तिला जवळ घे म्हणावं."

त्यांनी नारळ घेतला आणि सूर लावला. पूर्ण देऊळ त्या आवाजाने भरून गेलं. मी डोळे मिटून, हात जोडून शब्दन् शब्द ऐकला. गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, अर्धं भकल माझ्या हातावर ठेवता ठेवता ते म्हणाले, "नि तुजा? तुजा काय सांगायचा नाय?"

"माझं सांगून झालंय काका," मी म्हटलं, "गेल्या वर्षीच."